फरशी की हरळी? अंगणातल्या गवताचा हिशेब

कोल्हापुरात ‘लॉन’ म्हटले की आधी लग्नाची पत्रिका आठवते. अमुक मंगल कार्यालय व लॉन्स, गोरज मुहूर्त, आणि पायांखाली मांडवाच्या खांबांनी व खुर्च्यांच्या पायांनी चेचून पिवळे पडलेले गवत. या लेखातले लॉन ते नव्हे. घरापुढच्या अर्ध्या-एक गुंठ्याच्या मोकळ्या जागेत, अपार्टमेंटच्या कुंपणालगत, शाळेच्या पटांगणाच्या कडेला किंवा बागेत जमिनीसरशी वाढणारी जी हिरवळ असते, तिचा पर्यावरणाला नेमका काय उपयोग होतो, हे येथे पाहायचे आहे. उपनगरांतील नव्या बंगल्यांच्या अंगणांत आता गवताच्या जागी पेव्हिंग ब्लॉक बसतात. चिखल नको, साप-किरडू नको, गाडी लावायला सोय हवी, ही त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. म्हणून गवताची तुलना वडा-पिंपळाशी करण्यात फारसा अर्थ नाही. घरमालकापुढे प्रत्यक्षात पर्याय असतो तो गवत की फरशी हा, आणि पुढचा सगळा हिशेब त्याच दोघांमधला आहे.

आपल्याकडील हिरवळीचे खरे गवत म्हणजे हरळी. गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी वाहताना आपण हीच वनस्पती हातात घेतो आणि उसाच्या सरीत हीच दिसली की शेतकरी कपाळाला हात लावतो. नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ या नावाने मिळणारे लॉनही हरळीचेच निवडक वाण आहे. तिचे खोड जमिनीवरून सरपटत जाते, प्रत्येक पेऱ्यापाशी मुळे सोडते आणि तेथून नवा फुटवा वर येतो. त्याखेरीज जमिनीच्या आतूनही तिची आडवी खोडे पसरतात, त्यामुळे वरचे सगळे खुरपून काढले तरी ती परत उगवते. दूर्वा वाहताना जो मंत्र म्हणतात, त्यातही पेऱ्यापेऱ्यातून फुटत पसरण्याच्या याच गुणाचा उल्लेख येतो. मंत्र रचणाऱ्याने हरळी जवळून पाहिली असणार यात शंका नाही.

हरळी आणि ऊस ही एकाच तृणकुळातली भावंडे आहेत, आणि त्यांचे साम्य दिसण्यापुरते नाही. बहुतेक वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड थेट वापरतात. ऊस, मका, ज्वारी आणि हरळी मात्र तो आधी पानातल्या एका थरात पकडून, जणू पंपाने दाबून, आतल्या पेशींत नेतात आणि तेथे त्याची साखर करतात. ही रीत ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये उलगडून दाखवली, आणि तीही उसाच्याच पानावर. या पंपामुळे पानावरची सूक्ष्म छिद्रे फार उघडी ठेवावी लागत नाहीत, म्हणून तेवढ्याच वाढीसाठी अशा वनस्पतींना इतरांच्या मानाने बरेच कमी पाणी पुरते आणि भर उन्हातही त्यांचे काम मंदावत नाही. ऊस पाणी पितो असे आपण म्हणतो ते तो वर्षभर आणि मणावारी वाढतो म्हणून. त्याच कुळातली, पण बोटभर उंचीवर राहणारी हरळी उन्हाळ्यात पाण्यावाचून पिवळी पडून निपचित राहू शकते आणि वळवाच्या पहिल्या सरीनंतर आठवडाभरात पुन्हा हिरवी होते.

हिरवळीचा खरा उपयोग मात्र डोळ्यांना दिसत नाही, कारण तो जमिनीखाली घडतो. हॉवर्ड डिटमर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये राय या गवतवर्गीय धान्याचे एकच रोप लाकडी खोक्यात चार महिने वाढवले, मग माती धुऊन त्याची मुळे मोजली. सगळ्या मुळांची एकत्रित लांबी सुमारे ६२३ किलोमीटर भरली. कोल्हापूरहून पुण्याला जावे, परत यावे आणि पुन्हा निघून सातारा ओलांडावा, एवढे हे अंतर झाले, आणि ते मातीच्या एका खोक्यात मावले होते. हरळीचे आकडे वेगळे असतील, पण तंतुमय मुळांची रीत तीच. ही मुळे सतत मरतात आणि नवी फुटतात. मेलेल्या मुळांच्या जागी केसासारख्या पोकळ नळ्या राहतात, कुजलेल्या मुळांचा चिकटा मातीच्या बारीक कणांना बांधून रव्यासारखे दाणे करतो, आणि त्या दाण्यांच्या फटींतून हवा व पाणी खाली जाते. गांडुळे येतात ती याच खाण्यासाठी.

हे घरी करून पाहता येते. पत्र्याचा एक रिकामा डबा दोन्ही बाजूंनी कापून त्याचे नळकांडे करावे, ते जमिनीत दोन बोटे रोवावे आणि त्यात तांब्याभर पाणी ओतून किती वेळात मुरते ते पाहावे. मी हा उद्योग मार्चमधल्या एका रविवारी आमच्याच अंगणात केला. हिरवळीवरच्या डब्यातले पाणी स्वयंपाकघरात चहा होईपर्यंत दिसेनासे झाले होते. फाटकाजवळ, जेथे रोज दुचाकी उभी राहून माती दबली आहे, तेथल्या डब्यात दुपारी जेवायला बसलो तेव्हाही पाणी तसेच होते आणि त्यावर एक मुंगी तरंगत होती. दोन्ही जागांत अंतर आठ-दहा पावलांचे, माती तीच काळी. दोन्हीकडचे एकेक ढेकूळ काढून पाण्याच्या वाटीत सोडले, तर मुळांचे ढेकूळ आकार धरून राहिले आणि फाटकाजवळचे पाच मिनिटांत विरघळून तळाशी गाळ होऊन बसले. पावसाळ्यात आपल्या गटारांत जो गाळ साचतो, तो याच दुसऱ्या जातीच्या मातीचा असतो.

आता पावसाचे गणित करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात १०१ चौरस मीटर. वळवाच्या एका जोरदार पावसात ५० मिलिमीटर पाणी पडले, तर एका गुंठ्यावर सुमारे ५,००० लिटर, म्हणजे उन्हाळ्यात गल्लीत येणारा एक टँकर भरेल एवढे पाणी उतरते. त्यातले किती वाहून जाईल, याचे अंदाजी गुणक स्थापत्य अभियंते गटारांची मापे ठरवताना वापरतात. पाठ्यपुस्तकांत विटांच्या फरसबंदीसाठी हा गुणक ०.७० ते ०.८५ दिलेला असतो, काँक्रीटसाठी ०.८० ते ०.९५, आणि भारी मातीतल्या सपाट हिरवळीसाठी ०.१३ ते ०.१७. याचा अर्थ असा की फरशी घातलेल्या गुंठ्यातून टँकरमधले ३,५०० ते ४,२५० लिटर पाणी काही मिनिटांत रस्त्यावर येईल आणि हिरवळीच्या गुंठ्यातून साधारण ६५० ते ८५० लिटर, तेही रेंगाळत. एका कॉलनीत असे पन्नास गुंठे असतील, तर फरक कोपऱ्यावरच्या गटाराला समजतो. शिवाय गवतातून वाहून येणारे पाणी पात्यांत अडखळते, त्यात मिसळलेली माती, गाडीचे सांडलेले तेल आणि कचरा बराचसा तेथेच राहतो. फरशीवरून गेलेले पाणी हे सगळे धुऊन सोबत नेते, आणि आपल्या शहरात त्याची वाट गटारातून जयंती नाल्याकडे आणि तेथून पंचगंगेकडे जाते.

येथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. पहिली मातीची. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगांतून पहिला पाऊस भराभर आत जातो, पण ओली झाली की ती फुगते आणि भेगा मिटतात. चिकण मातीत पाणी मुरण्याचा वेग मग ताशी १ ते ५ मिलिमीटरवर येतो. जुलैअखेर, जेव्हा पंधरा-पंधरा दिवस झड लागलेली असते, तेव्हा हिरवळ फरशीच्या मानाने पाणी थोडा वेळ अडवते, एवढेच म्हणता येईल. गवताची मदत सर्वांत मोठी असते ती मे-जूनचा वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस यांच्या वेळी, जेव्हा थोड्या वेळात खूप पाणी पडते आणि जमिनीत जागा शिल्लक असते. दुसरी गोष्ट महापुराची. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते, तेव्हा ते प्रामुख्याने गगनबावडा आणि राधानगरीच्या घाटमाथ्यावर पडून कुंभी, कासारी, तुळशी, भोगावतीतून आलेले असते. २०१९ किंवा २०२१ चा पूर शहरातल्या अंगणांत गवत होते की फरशी, याने अडला वा वाढला नसता. गल्लीतले तुंबणे आणि नदीचा पूर हे दोन वेगळे रोग आहेत, आणि हिरवळीचे औषध पहिल्यावर चालते.

उन्हाचा हिशेब याहून सरळ आहे. पाणी वाफ होताना उष्णता शोषून घेते. माठ गार होतो तो याच कारणाने. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला विजेच्या भाषेत सुमारे ०.६८ युनिट उष्णता लागते. पाणी मिळालेली हिरवळ उन्हाळ्याच्या दिवशी प्रत्येक चौरस मीटरमागे साधारण ४ लिटर पाणी हवेत सोडते. म्हणजे १० चौरस मीटरचा, एका लहान खोलीएवढा, तुकडा दिवसभरात ४० लिटर पाणी उडवतो आणि त्यात सुमारे २७ युनिट उष्णता खर्ची पडते. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने पाच तास चालून साधारण तेवढीच उष्णता घराबाहेर काढतो, आणि बाहेर म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीपाशी काढतो. अर्थात गवताचा हा गारवा मोकळ्या हवेत पसरून जातो, त्यामुळे अंगणात हिरवळ केली म्हणून दिवाणखान्यातला पंखा बंद करता येईल, असे कोणी समजू नये. परंतु ऊन ज्या पृष्ठभागावर पडते तो पृष्ठभागच तापत नाही, हा लाभ निश्चित आहे. एप्रिलच्या दुपारी फरशी ५० अंश सेल्सियसच्या पुढे सहज जाते, ओली हिरवळ मात्र हवेच्या तापमानाच्या आसपास राहते. फरशीने दिवसा साठवलेली उष्णता रात्री बाहेर पडते. रात्री नऊला, जेवणानंतर अंगणात पाय मोकळे करताना, अनवाणी पावलांनी आधी ब्लॉकवर आणि मग गवतावर उभे राहून पाहावे. गल्लीतल्या कुत्र्यांना हे ज्ञान आपल्या आधीपासून आहे.

प्लास्टिकच्या हिरव्या गालिच्याला हिरवळीत मोजण्याचे कारण नाही. तो पाणी उडवत नाही, त्यामुळे उन्हात ६० अंशांच्या वर तापतो, त्याखालची माती हळूहळू निर्जीव होते आणि झिजलेले प्लास्टिकचे तंतू पावसाबरोबर गटारात जातात. बाल्कनीत फोटोपुरता तो ठीक असेल.

कार्बनचा लाभ खरा आहे, पण जाहिरातींत सांगतात त्याहून लहान आहे. कोलोरॅडोतील गोल्फ मैदानांच्या मातीच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून चियान आणि फॉलेट या संशोधकांनी २००२ मध्ये असे दाखवले की नव्याने केलेली हिरवळ वर्षाला हेक्टरी सुमारे एक टन कार्बन मातीत साठवते आणि हे दोन-तीन दशके चालते. पुढे माती तिच्या मर्यादेला पोहोचते. कोल्हापूरची माती आणि हवा वेगळी असली, तरी अंदाजासाठी हाच आकडा धरू. हेक्टरला सुमारे शंभर गुंठे, म्हणून एका गुंठ्याला वर्षाला १० किलो कार्बन, म्हणजेच ३७ किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. गुंठाभर हिरवळीची वर्षभराची कमाई अशी १६ लिटर पेट्रोलएवढी ठरते. त्या गवताला वर्षात सव्वाचार किलो युरिया घातला, तर त्यातले नत्र होते सुमारे २ किलो. हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय हिशेबात धरतात त्याप्रमाणे त्यातला शंभरावा भाग प्राणवायूशी जोडला जाऊन सुमारे ३१ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापदायक आहे. याचा अर्थ ३७ किलोंच्या कमाईतून साडेआठ किलो येथेच वजा झाले. युरिया तयार करताना जळालेला वायू आणि पेट्रोलवर चालणारे गवत कापायचे यंत्र धरले, तर मुद्दल राहील की नाही हे यंत्र किती वेळा बाहेर निघते यावर ठरेल. ‘एवढ्या चौरस फुटांचे लॉन चार माणसांच्या कुटुंबाला पुरेल इतका प्राणवायू देते’ हे वाक्य तर सोडूनच द्यावे. कापलेले गवत कुजताना तेवढाच प्राणवायू परत घेते, आणि हवेत मुळातच २१ टक्के प्राणवायू असताना कोल्हापुरात तो कोणाला कमी पडलेला नाही.

धुळीबाबत एवढेच सांगता येईल की गवत ती अडवते आणि उडू देत नाही. गळीत हंगामात कारखान्यांच्या बाजूने वारा आला की सकाळी अंगणात काळी राख पडलेली असते. फरशीवरची राख झाडूबरोबर पुन्हा हवेत जाते, गवतातली तेथेच मातीला मिळते.

आता खर्चाची बाजू पाहू, आणि ती मुख्यतः पाण्याची आहे. वर जे चार लिटरांचे गणित केले, ते पाणी कोठून तरी यावे लागते. एप्रिल-मेमध्ये गुंठाभर हिरवळ गच्च हिरवी ठेवायची, तर रोज सुमारे ४०० लिटर पाणी द्यावे लागेल. शहरातील माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे, असे प्रमाण आपल्याकडे धरले जाते. त्या हिशेबाने हे तीन माणसांचे पाणी झाले. नळाचे शुद्ध केलेले पाणी असे ओतणे, विशेषतः उपनगरांत दिवसाआड पाणी येत असताना, मला तरी समर्थनीय वाटत नाही. स्वयंपाकघरातले भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी बादलीत धरून जेवढा तुकडा भिजेल तेवढाच हिरवा ठेवावा आणि बाकीचा पिवळा पडू द्यावा. पिवळी हरळी मेलेली नसते. तिची मुळे माती धरून ठेवण्याचे काम तेव्हाही करत असतात, फक्त गारव्याचे काम थांबलेले असते. गच्च हिरव्या हिरवळीचा हट्ट हा आपण चित्रपटांतल्या आणि परदेशी बंगल्यांच्या चित्रांवरून घेतलेला आहे, जेथे बारमाही थोडा-थोडा पाऊस पडतो.

कापण्यातही हाच विवेक हवा. गवत कापले तरी वाढते, कारण त्याचा वाढीचा कोंब पात्याच्या टोकाला नसून जमिनीलगत बुडाशी असतो. पण पाती हे मुळांचे स्वयंपाकघर आहे. एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशाहून जास्त कापले, तर मुळे उपाशी राहून आखडतात, आणि वर सांगितलेला मुरण्याचा, धरून ठेवण्याचा सगळा लाभ मुळांच्या खोलीवरच अवलंबून आहे. म्हणून गालिच्यासारखे तासलेले लॉन दिसायला देखणे आणि कामाला कच्चे असते. दीड-दोन इंच उंचीचे, थोडे अस्ताव्यस्त गवत त्याहून उपयोगी. कापलेले बारीक गवत तेथेच पसरून दिले, तर त्यातले नत्र मातीत परत जाते आणि युरियाची गरज बरीच घटते. जास्त निघाले तर आपल्याकडे म्हशींची वाण नाही. विळ्याने कापून भारा बांधून ठेवला, की दुधाला येणारा गवळी तो वैरणीला आनंदाने नेतो. अट एकच, त्यावर तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेले नसावे.

गवत कोठे लावू नये, हेही लेखाच्या ओघात सांगणे भाग आहे. मोठ्या झाडाच्या दाट सावलीत हरळी टिकत नाही, तेथे पालापाचोळा तसाच राहू द्यावा. पन्हाळ्याच्या बाजूला किंवा आणखी पश्चिमेला घर बांधताना सड्यावरचा मूळ माळ खरवडून त्यावर नर्सरीतले लॉन अंथरणे, हा तर तोट्याचा व्यवहार आहे, कारण त्या माळावर पावसाळ्यात उगवणाऱ्या कित्येक वनस्पती आणि त्यांवर जगणारे कीटक एकाच जातीच्या गालिच्यावर येत नाहीत. रोज चारचाकी उभी राहते तेथे नुसते गवत दबून मरेल. अशा जागी भोकांचे जाळीदार ब्लॉक मिळतात, त्यांच्या भोकांत माती भरून हरळी लावता येते. चाकांच्या दोन पट्ट्यांपुरती फरशी आणि मध्ये गवत, हा त्याहून स्वस्त मार्ग.

लागवडीसाठी लॉनच्या तयार लाद्या विकत आणायलाच हव्यात असे नाही. मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर हरळीच्या काड्यांचे तीन-चार पेऱ्यांचे तुकडे करून वीतभर अंतरावर ओल्या मातीत खोचले, की दिवाळीपर्यंत गुंठाभर जागा झाकून जाते. काड्या आणण्यासाठी शिंगणापूर किंवा वडणगेच्या बाजूला कोणत्याही उसाच्या फडाशी जावे. भांगलणीत उपटलेली हरळी तेथे बांधावर ढीग घालून टाकलेली असते. ती मागितली की शेतकरी आधी आपल्याकडे, मग ढिगाकडे पाहतो, “एवढीच न्हेताय व्हय?” असे विचारतो, आणि आपण काही म्हणायच्या आत आणखी दोन पोती भरून गाडीत घालतो.